महाधिवक्ता म्हणजे नक्की कोण? त्यांचं काम काय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

"राज्याचे महाधिवक्ता कोर्टात म्हणाले" हे वाक्य टीव्हीच्या पट्टीवर आणि पेपरात सारखं दिसतं, पण हा माणूस नक्की कोण, त्याला कोण नेमतं, त्याचं ऐकणं सरकारला भाग असतं का, आपल्यासारख्या सामान्य माणसाचा त्याच्याशी काय संबंध, हे फार कमी जणांना माहीत असतं. पक्षकार, कॉलेजची पोरं, पत्रकार असे सगळेच जे प्रश्न परत परत विचारतात ते इथे एकत्र केलेत. मुख्यतः महाराष्ट्राबद्दल लिहिलंय, गरज पडली तिथे दिल्लीचं आणि गोव्याचंही.

महाधिवक्ता म्हणजे सरकारी वकीलच ना?

सरकारचे वकील आहेत हे खरं, पण "सरकारी वकील" म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर जो माणूस येतो तो हा नाही. महाधिवक्ता हे पद थेट संविधानात आहे, कलम १६५. प्रत्येक राज्याला एक महाधिवक्ता असतो आणि तो त्या राज्याचा सगळ्यात मोठा कायदा अधिकारी. कोर्टात सगळे त्यांना "एजी" म्हणतात. त्यांच्या खाली मग जीपी म्हणजे गव्हर्नमेंट प्लीडर, एजीपी म्हणजे सहायक सरकारी वकील, फौजदारी बाजूला पीपी म्हणजे पब्लिक प्रॉसिक्युटर आणि एपीपी म्हणजे त्यांचे सहायक, जिल्ह्याच्या कोर्टात जिल्हा सरकारी वकील अशी मोठी फौज असते. तुमच्या जमिनीच्या मॅटरमध्ये हायकोर्टात सरकारतर्फे जो उभा राहतो तो ९९ टक्के वेळा एजीपी असतो, एजी नव्हे.

फरक समजायला नौदल अधिकारी नानावटी यांचा गाजलेला खुनाचा खटला घ्या. मुंबई हायकोर्टात त्या केसमध्ये सरकारतर्फे लढले यशवंत चंद्रचूड, जे पुढे सरन्यायाधीश झाले, पण तेव्हा ते गव्हर्नमेंट प्लीडर होते. राज्याचे महाधिवक्ता त्या काळात होते होमी सेरवाई. म्हणजे केस कितीही गाजलेली असली तरी दोन पदं वेगळी.

मग महान्यायवादी, सॉलिसिटर जनरल हे कोण?

ते केंद्राचे. भारताचे महान्यायवादी म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल, कलम ७६ खाली राष्ट्रपती नेमतात. त्यांच्या खाली सॉलिसिटर जनरल आणि मग अ‍ॅडिशनल सॉलिसिटर जनरल. यातलं एक लक्षात ठेवा, सॉलिसिटर जनरलचं पद संविधानात नाही, महान्यायवादीचं आहे. आणि महान्यायवादींना भारतातल्या कुठल्याही कोर्टात उभं राहून बोलायचा हक्क आहे.

आपल्याकडच्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे यातले बरेच जण मुंबईच्या बारमधून गेलेले. पहिले महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड १९५० ते १९६३ इतकी वर्षं होते, आणि त्याआधी १९३७ ते १९४२ ते मुंबई प्रांताचे महाधिवक्ता होते. त्यांच्यानंतर आलेले सी. के. दफ्तरी हेही आधी मुंबईचे महाधिवक्ता, मग देशाचे पहिले सॉलिसिटर जनरल. पुढे गुप्ते, सोराबजी, अशोक देसाई हेही मुंबईचेच, आणि गुलाम वाहनवटी तर महाराष्ट्राचे महाधिवक्ता, मग सॉलिसिटर जनरल, मग २००९ ते २०१४ महान्यायवादी असा एकेक टप्पा करत गेले.

नेमणूक कोण करतं? पात्रता काय लागते?

कागदावर राज्यपाल, प्रत्यक्षात मंत्रिमंडळ. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच सही करतात. पात्रता एकच, तो माणूस हायकोर्टाचा न्यायमूर्ती व्हायला पात्र असला पाहिजे, म्हणजे भारताचा नागरिक आणि हायकोर्टात किमान १० वर्षं वकिली किंवा भारतात १० वर्षं न्यायिक पदावर काम. प्रत्यक्षात मात्र ज्येष्ठ वकिलालाच घेतात.

वयाची अट आहे का? न्यायमूर्ती तर ६२ ला रिटायर होतात

नाही. हा वाद फार जुना आहे आणि तो आपल्या नागपुरातच मिटला. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती, तिथल्या महाधिवक्त्यांची, टी. एल. शेवडे यांची नेमणूक करकरे नावाच्या अर्जदाराने नागपूर हायकोर्टात चॅलेंज केली. म्हणणं असं की हायकोर्टाचे न्यायमूर्ती ६० ला निवृत्त होतात (तेव्हा वय ६० होतं), शेवडेंनी ६० ओलांडलीय, मग ते न्यायमूर्ती व्हायला "पात्र" कसे. १९५२ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की निवृत्तीचं वय हे न्यायमूर्ती किती काळ पदावर राहणार यासाठी आहे, ती पात्रतेची अट नव्हे. तेव्हापासून हा मुद्दा संपला.

किती वर्षांसाठी असतात? पगार किती?

मुदत ठरलेली नाही. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत, म्हणजे सरकारचा विश्वास असेपर्यंत. मानधन राज्यपाल ठरवतील ते, संविधानात आकडा नाही.

रोजचं काम नक्की काय असतं?

इथे जरा सविस्तर सांगतो कारण लोकांना फक्त कोर्टातलं दिसतं आणि माझ्या मते खरं महत्त्वाचं काम कोर्टाच्या आधीचं आहे.

समजा एखाद्या खात्याला नवीन धोरण आणायचंय, किंवा एखादा जीआर म्हणजे शासन निर्णय काढायचाय ज्याच्यावर उद्या कोणीतरी रिट, म्हणजे हायकोर्टात थेट याचिका, टाकणार हे सगळ्यांना दिसतंय. फाईल खात्यातून निघते, कक्ष अधिकाऱ्यापासून वर सचिवांपर्यंत टिपण्या चढत जातात, मग ती विधी व न्याय विभागाकडे येते, आणि प्रकरण मोठं असेल, घटनात्मक मुद्दा असेल तर "महाधिवक्त्यांचे अभिप्राय घ्यावेत" असा शेरा पडतो. मग एजी कागद वाचतात, जुने निकाल बघतात, खात्याच्या सचिवांना बोलावून घेतात, कॉन्फरन्स होते, आणि लेखी मत देतात, की हे टिकेल, हे टिकणार नाही, हे असं बदललंत तर टिकेल. हे मत कोणाला दिसत नाही, त्याची बातमी होत नाही, पण वेळेत घेतलेलं एक स्पष्ट मत राज्याची कित्येक वर्षांची कोर्टबाजी वाचवतं. आणि उलटं झालं, म्हणजे जीआर आधी काढला, स्टे लागला आणि मग रात्री एजींकडे धाव घेतली, की मग तो माणूस कितीही हुशार असला तरी त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. हे मी तळमळीने सांगतोय कारण यात नुकसान सरकारचं नाही, भरती अडकलेल्या पोरांचं आणि मोबदला अडकलेल्या शेतकऱ्यांचं होतं.

दुसरं काम कोर्टातलं. राज्याच्या कायद्यालाच आव्हान असेल, आरक्षण, निवडणुका, मोठे प्रकल्प, राज्यपाल किंवा विधानसभा अध्यक्षांच्या अधिकारांचे वाद, तिथे एजी स्वतः उभे राहतात. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ प्रमाणे कोर्टात आधी कोणाचं ऐकायचं याचाही क्रम आहे, त्यात केंद्राच्या कायदा अधिकाऱ्यांनंतर राज्याच्या महाधिवक्त्यांचा नंबर आणि मग बाकीचे सीनियर. म्हणून बोर्डावर पन्नास मॅटर असताना एजी उठले की त्यांचं आधी ऐकतात, त्यात चिडण्यासारखं काही नाही, तो कायद्याने दिलेला मान आहे.

आणि तिसरं, काही कायद्यांनी त्यांच्यावर नाव घेऊन टाकलेली कामं. कोर्टाच्या अवमानाची कारवाई करायला संमती देणं (त्याचा प्रश्न खाली आहे), सार्वजनिक उपद्रवाबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली दावा लावणं, आणि महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलवर पदसिद्ध सदस्य म्हणून बसणं.

कोर्टात एजींनी दिलेलं "स्टेटमेंट" म्हणजे काय, त्याला एवढं महत्त्व का?

बऱ्याचदा कोर्ट स्टे देत नाही पण एजींना विचारतं की पुढच्या तारखेपर्यंत सरकार काही करणार आहे का. एजी मागे बसलेल्या अधिकाऱ्यांकडे वळतात, दोन मिनिटं कुजबुज होते, फोन लागतो, आणि मग ते सांगतात की पुढील सुनावणीपर्यंत कारवाई होणार नाही. कोर्ट हे ऑर्डरमध्ये लिहून घेतं. मग ते सरकारवर बंधनकारक, मोडलं तर अवमान. म्हणूनच एजी इन्स्ट्रक्शन, म्हणजे खात्याकडून सूचना, असल्याशिवाय असं बोलत नाहीत आणि एकदा बोलले की न्यायमूर्ती त्यावर विसंबतात. तुमच्या केसमध्ये असं स्टेटमेंट झालं असेल तर ऑर्डरची प्रत नक्की काढून घ्या, तोंडी ऐकलेल्यावर राहू नका.

त्यांचा सल्ला सरकारवर बंधनकारक असतो का? आणि कोर्टावर?

दोघांवरही नाही. सरकार सल्ला बाजूला ठेवू शकतं, फक्त मग फाईलवर कारण लिहायची तयारी पाहिजे.

कोर्टाचं म्हणाल तर मराठा आरक्षणाचं उदाहरण सगळ्यांना जवळचं आहे. सुप्रीम कोर्टात प्रश्न असा आला की २०१८ च्या १०२ व्या घटनादुरुस्तीनंतर मागास वर्ग ठरवायचा अधिकार राज्यांकडे राहिला की गेला. महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी स्पष्ट सांगितलं की राज्यांचा अधिकार काढून घ्यायचा हेतूच नव्हता, अधिकार शाबूत आहे. ५ मे २०२१ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला, त्यात या मुद्द्यावर तीन विरुद्ध दोन असं बहुमत झालं आणि महान्यायवादींचं म्हणणं मान्य झालं नाही. मग संसदेला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १०५ वी घटनादुरुस्ती करून राज्यांचा अधिकार परत स्पष्ट करावा लागला. म्हणजे देशाच्या सगळ्यात मोठ्या कायदा अधिकाऱ्याचं मतसुद्धा कोर्टासाठी एक युक्तिवादच असतो, वजनदार असतो पण युक्तिवादच.

सरकारची बाजूच चुकीची असेल तर महाधिवक्त्याने काय करायचं?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच.

वकील म्हणून त्याने अशिलाची बाजू मांडायची असते, पण इथे अशील म्हणजे मुख्यमंत्री नव्हे, सत्ताधारी पक्ष तर नव्हेच नव्हे. अशील आहे राज्य, म्हणजे त्यात आपण सगळे आलो. म्हणून त्याच्यावर साध्या वकिलापेक्षा जास्त जबाबदारी येते, विरोधात जाणारा निकाल माहीत असेल तर तोही कोर्टापुढे ठेवायचा, खात्याने दिलेलं अ‍ॅफिडेव्हिट चुकीचं असेल तर ते तसंच रेटायचं नाही, आणि सरकार हरणारच असेल तर आधीच सांगायचं की केस मिटवा.

हे नाही झालं तर काय होतं ते आणीबाणीत दिसलं. मिसाखाली, म्हणजे विनाखटला डांबून ठेवायच्या तेव्हाच्या कायद्याखाली, स्थानबद्ध केलेल्या लोकांच्या केसेस, ज्याला एडीएम जबलपूर म्हणतात. मुंबईसकट नऊ हायकोर्टांनी म्हटलं होतं की स्थानबद्धांचे अर्ज ऐकले पाहिजेत, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. महान्यायवादी होते निरेन डे. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी त्यांना विचारलं की समजा एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक दुश्मनीतून कोणाला ठार मारलं तर त्यावरही दाद मागता येणार नाही का. डे यांचं उत्तर होतं की आणीबाणी आहे तोवर नाही. कोर्टरूममध्ये हे उच्चारलं गेलं, आणि २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक मताने सरकारचं म्हणणं मान्यही झालं, एकटे खन्ना विरोधात राहिले. काही लोक म्हणतात की डे यांनी सरकारचा युक्तिवाद त्याच्या टोकापर्यंत नेऊन न्यायमूर्तींना जागं करायचा प्रयत्न केला. असेलही. पण महान्यायवादीच्या खुर्चीवरून असं उत्तर यावं लागणं हीच गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

त्याच काळातलं दुसरं उदाहरण फली नरिमन यांचं. ते तेव्हा अ‍ॅडिशनल सॉलिसिटर जनरल होते, आणीबाणी जाहीर झाली आणि २७ जून १९७५ ला त्यांनी राजीनामा दिला. कुठलंही पद गेलं तरी चालेल पण हे मांडणार नाही, हा रस्ता कायदा अधिकाऱ्यापुढे नेहमी उघडा असतो. आणि एडीएम जबलपूरचा तो निकाल पुढे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रायव्हसीच्या केसमध्ये चुकीचा म्हणून रद्दबातल ठरवला, पण तोवर ४१ वर्षं गेली होती.

महाधिवक्ता विधानसभेत बोलू शकतात हे खरं का? ते तर आमदार नसतात

खरं आहे. कलम १७७ प्रमाणे ते विधानसभेत आणि विधान परिषदेत दोन्हीकडे बोलू शकतात, कामकाजात भाग घेऊ शकतात, समितीवर नेमलं तर तिथेही, फक्त मतदान करता येत नाही. म्हणून एखादं विधेयक कायद्याच्या कचाट्यात सापडलं की "महाधिवक्त्यांना सभागृहात बोलवा" अशी मागणी होते. माझं स्पष्ट मत आहे की ही तरतूद खूप कमी वापरली जाते, आमदारांना कायदेशीर धोका समोरासमोर विचारता आला तर पुष्कळ विधेयकं सुधारूनच बाहेर पडतील.

कोर्टाच्या अवमानाची केस करायला एजींची परवानगी का लागते?

फौजदारी अवमान म्हणजे कोर्टाची बदनामी, न्यायाच्या कामात अडथळा वगैरे. कंटेम्प्ट ऑफ कोर्ट्स अ‍ॅक्ट १९७१ च्या कलम १५ प्रमाणे अशी कारवाई कोर्ट स्वतःहून करू शकतं, एजी करू शकतात, किंवा दुसरा कोणी करणार असेल तर एजींची लेखी संमती हवी. हायकोर्टासाठी राज्याचे महाधिवक्ता, सुप्रीम कोर्टासाठी महान्यायवादी किंवा सॉलिसिटर जनरल.

हेतू असा की कोणीही उठून ट्वीटवरून कोणावरही अवमान लावत सुटू नये, मध्ये एक चाळणी असावी. २०२० मध्ये वेणुगोपाल यांच्याकडे अशा अर्जांची रांग लागली होती, त्यात स्वरा भास्करच्या बाबतीत त्यांनी संमती नाकारली आणि कुणाल कामराच्या बाबतीत दिली. संमती मिळाली म्हणजे दोषी ठरला असं नाही हे लक्षात घ्या, फक्त दार उघडलं.

कोर्टाचा आदेश पाळला नाही हा दिवाणी अवमान, त्याला ही संमती लागत नाही. बहुतेक लोकांची तक्रार याच प्रकारची असते, त्यामुळे उगीच एजींच्या ऑफिसात अर्ज देऊन महिने घालवू नका.

उज्ज्वल निकम महाधिवक्ता होते का?

नाही. ते विशेष सरकारी वकील, म्हणजे स्पेशल पब्लिक प्रॉसिक्युटर. १९९३ चे बॉम्बस्फोट, २६/११ चा कसाबचा खटला, हे त्यांनी सरकारतर्फे चालवले, पण ते एकेका खटल्यापुरती नेमणूक असते. खून, दरोडा, बॉम्बस्फोट असे खटले सेशन्स कोर्टात चालवणं हे मुळात महाधिवक्त्याचं रोजचं काम नाही.

सरकार बदललं की महाधिवक्ता बदलतात का? खालचे वकील पण?

एजींच्या बाबतीत तशी प्रथाच आहे, नवं सरकार आलं की जुने राजीनामा देतात. कायद्यात सक्ती नाही. आशुतोष कुंभकोणी २०१७ मध्ये फडणवीस सरकारच्या वेळी आले आणि २०१९ ला महाविकास आघाडी आल्यावरही २०२२ पर्यंत राहिले, हे चांगलं उदाहरण आहे की काम बघून माणूस ठेवता येतो.

खालच्या वकिलांची गोष्ट वेगळी. १९९० मध्ये उत्तर प्रदेश सरकारने एका परिपत्रकाने सगळ्या जिल्ह्यांचे सरकारी वकील एकदम काढून टाकले होते, सुप्रीम कोर्टाने ते परिपत्रक मनमानी म्हणून रद्द केलं. आणि २०१६ मध्ये पंजाब-हरियाणाच्या प्रकरणात कोर्टाने बजावलं की सरकारी वकिलांच्या नेमणुका गुणवत्ता बघून, पारदर्शकपणे झाल्या पाहिजेत, हा वशिल्याचा विषय नाही, कारण पैसा जनतेचा आहे. मात्र खुद्द महाधिवक्त्याचं पद त्यात येत नाही.

श्रीहरी अणे यांना राजीनामा का द्यावा लागला होता?

अणे वेगळ्या विदर्भाचे जुने समर्थक, हे सगळ्यांना माहीत असतानाच २०१५ मध्ये त्यांना महाधिवक्ता केलं होतं. मार्च २०१६ मध्ये जालन्यात ते मराठवाडाही वेगळा व्हावा अशा अर्थाचं बोलले, अधिवेशन चालू होतं, प्रचंड गदारोळ झाला, शिवसेना सत्तेत असूनही विरोधात उभी राहिली आणि अणेंनी राज्यपालांकडे राजीनामा दिला.

तुम्ही विदर्भवादी असा की संयुक्त महाराष्ट्रवाले, मुद्दा असा राहतो की राज्याच्या कायदा अधिकाऱ्याने राज्याच्या अखंडतेबद्दल जाहीर मत मांडावं का. माझं मत विचाराल तर पदावर असताना नाही, कारण उद्या तोच प्रश्न कोर्टात आला तर राज्याची बाजू कोण मांडणार. पण अणेंनी मत लपवलं नाही आणि पद सोडलं, याचा मान त्यांना दिलाच पाहिजे.

सेरवाईंचं नाव इतक्या आदराने का घेतात?

होमी सेरवाई १९५७ ते १९७४ महाधिवक्ता होते, आधी मुंबई राज्याचे आणि १९६० नंतर महाराष्ट्राचे. इतका काळ टिकणं आजच्या हिशोबाने अशक्य वाटतं. केशवानंद भारती खटल्यात, तेरा न्यायमूर्तींपुढे, एका बाजूला नानी पालखीवाला आणि दुसऱ्या बाजूला केरळ सरकारतर्फे सेरवाई असा सामना झाला. सेरवाईंचं म्हणणं की संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार अमर्याद आहे. २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा मताने निकाल लागला आणि मूलभूत संरचनेचा सिद्धांत आला, म्हणजे घटनेचा गाभा संसदेलाही बदलता येत नाही. पुढे आणीबाणीचा अनुभव घेतल्यावर सेरवाईंनी आपल्या लिखाणात मान्य केलं की तो सिद्धांत बरोबर होता. ज्या मुद्द्यावर एवढी मोठी केस लढवली त्याच्याच विरुद्ध बाजूला प्रामाणिकपणे यायला मन मोठं लागतं, म्हणून तो आदर.

गोव्याचं काय? मुंबई हायकोर्ट तर एकच आहे

हायकोर्ट एक पण राज्यं दोन, म्हणून महाधिवक्तेही दोन. महाराष्ट्राचे मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि २०२५ च्या ऑगस्टपासून कोल्हापूर सर्किट बेंच इथे राज्याची बाजू सांभाळतात, अर्थात स्वतः सगळीकडे जाणं शक्य नसतं, तिथले सरकारी वकील बघतात. गोव्याचे महाधिवक्ता वेगळे, देविदास पांगम यांचं नाव म्हादई नदीच्या पाणीवादाच्या बातम्यांमुळे तुम्ही ऐकलं असेल, ते पर्वरीच्या खंडपीठात गोवा सरकारतर्फे असतात. म्हादईसारख्या वादात तर दोन्ही राज्यांचे कायदा अधिकारी समोरासमोरही येऊ शकतात.

एजी खासगी केसेस घेऊ शकतात का?

ते सरकारी नोकर नसतात त्यामुळे वकिली पूर्ण बंद करावी लागत नाही. महान्यायवादींसाठी नियम लिहिलेले आहेत, केंद्र सरकारच्या विरोधात केस घ्यायची नाही, परवानगीशिवाय फौजदारी आरोपीचा बचाव करायचा नाही, परवानगीशिवाय कुठल्या कंपनीचं संचालकपदही घ्यायचं नाही. राज्यातही स्वतःच्या सरकारविरुद्ध उभं राहता येत नाही हे उघडच आहे.

माझी सरकारविरुद्ध केस आहे. नोटीस एजींना पाठवू का?

बहुतेक वेळा नाही. दिवाणी दावा लावायचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची नोटीस संबंधित खात्याच्या सचिवांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची, दोन महिने थांबायचं, तातडीचं असेल तर कोर्टाची परवानगी घेऊन आधी जाता येतं. हायकोर्टात रिट टाकताना कलम ८० ची नोटीस लागत नाही, प्रत गव्हर्नमेंट प्लीडरच्या ऑफिसात सर्व्ह करायची, मुंबईत अपील शाखेचं हे ऑफिस फोर्टात पीडब्ल्यूडी बिल्डिंगमध्ये आहे. शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

एजींना नोटीस कधी लागते, तर तुम्ही राज्याच्या कायद्यालाच घटनाबाह्य म्हणत असाल तेव्हा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २७-ए प्रमाणे घटनेच्या अन्वयार्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर महाधिवक्त्यांना नोटीस दिल्याशिवाय कोर्ट पुढे जात नाही. ही नोटीस राहिली म्हणून तारखा वाया गेलेल्या केसेस पुष्कळ असतात, वकिलाला पहिल्याच दिवशी विचारा.

गावच्या देवस्थान ट्रस्टमध्ये गैरव्यवहार आहे, एजी दावा लावतील का? कुठेतरी वाचलं होतं

वाचलं ते बाकीच्या राज्यांसाठी बरोबर आहे, दिवाणी संहितेच्या कलम ९२ मध्ये तसं आहे. महाराष्ट्रात मात्र १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने ते कलम अशा ट्रस्टना लागू होत नाही, इथे धर्मादाय आयुक्तांकडे जायचं. जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात आधी ट्रस्टचे हिशोब आणि चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त वगैरे बदलल्याच्या नोंदी, काढून बघा.

एजींनी दिलेलं मत आरटीआयमध्ये मिळेल का?

अवघड आहे. वकील-अशील गोपनीयता आडवी येते. महान्यायवादींचं ऑफिस आरटीआयखाली येतं का यावर दिल्ली हायकोर्टात २०१५ मध्ये एका न्यायमूर्तींनी "हो" म्हटलं आणि २०१७ मध्ये खंडपीठाने ते फिरवून "नाही" म्हटलं. अर्ज करायचाच असेल तर संबंधित खात्याकडे करा, फाईल तिथे असते.

अमेरिकेतला माझा भाऊ म्हणतो की तिथे लोक फसवणुकीची तक्रार अ‍ॅटर्नी जनरलकडे करतात. इथे का नाही?

तिथली पद्धतच वेगळी. अमेरिकेत ५० पैकी ४३ राज्यांत अ‍ॅटर्नी जनरल थेट लोकांनी निवडून दिलेला असतो, त्याच्याकडे स्वतःचा ग्राहक संरक्षण विभाग असतो, कंपन्यांवर तो स्वतः दावे लावतो. त्यामुळे न्यू जर्सीत घरमालकाने किंवा कंपनीने फसवलं तर तिथल्या मराठी माणसाने जरूर तिकडे तक्रार करावी. इंग्लंडमध्ये अ‍ॅटर्नी जनरल हा सत्ताधारी पक्षाचा राजकारणी, सरकारचाच भाग. आपला महाधिवक्ता ना निवडून आलेला ना मंत्री, त्याच्याकडे तपास यंत्रणा नाही. इथे ग्राहक म्हणून फसलात तर जिल्हा ग्राहक आयोग, पैशांचा घोटाळा असेल तर पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा.

मी लॉ करतेय, मला या लाइनमध्ये जायचंय. सुरुवात कुठून?

सरकारी बाजूला काम करायचं असेल तर आधी चार-पाच वर्षं एखाद्या चांगल्या सीनियरच्या चेंबरमध्ये घासून काम कर, ड्राफ्टिंग पक्कं कर, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत, कारण मंत्रालयाची फाईल मराठीत येते आणि हायकोर्टाचं अ‍ॅफिडेव्हिट इंग्रजीत जातं, मधला माणूस कच्चा असला की राज्याची बाजू तिथेच पडते. मग एजीपी किंवा पॅनलवर विधी व न्याय विभाग जाहिरात काढतो त्यावर लक्ष ठेव. एजीपीचं काम दमवणारं असतं, एका दिवसात वीस-वीस मॅटर, अर्ध्यात इन्स्ट्रक्शन आलेल्या नसतात, तलाठ्यापासून सचिवांपर्यंत सगळ्यांना फोन करावे लागतात. पण महसूल, सेवा, भूसंपादन, शिक्षण असा प्रत्येक कायदा तिथे हातून जातो, आणि समोरच्या पक्षकाराचं म्हणणं रास्त असेल तर खात्याला फोन करून "हे सोडून द्या, याचं बरोबर आहे" असं सांगायची ताकद त्या खुर्चीत पहिल्या दिवसापासून असते, ती वापरायला शीक.